फॉर्म हीच प्रश्नपत्रिका: एमबीए प्रवेशाच्या गटचर्चा-मुलाखतींचा एक हंगाम

कॅट २०२४, म्हणजे आयआयएम या केंद्रीय व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशाची सामाईक परीक्षा, २४ नोव्हेंबरला झाली, निकाल १९ डिसेंबरला लागला आणि वेटलिस्ट हलायची थांबली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. परीक्षेच्या तयारीवर ढिगाने लिहिलेलं सापडतं. निकालानंतरच्या पाच-सहा महिन्यांबद्दल मात्र ‘आत्मविश्वास ठेवा’ यापलीकडे फारसं कोणी सांगत नाही. त्या हंगामाच्या तारखा आणि कागद अजून फाइलीत आहेत, म्हणून क्रमाने लिहिते आहे.

क्रम लावायचा तर सुरुवात डिसेंबरपासून नाही, ऑगस्टपासून करावी लागते. कॅटची नोंदणी १ ऑगस्टला सुरू झाली. शुल्क त्या वर्षी २५०० रुपये होतं. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना १२५०. तेव्हा सगळं लक्ष गणितात असतं आणि फॉर्म रात्री अकराला, जेवून झाल्यावर, उरकला जातो. पण मुलाखतीचं शहर त्याच फॉर्मात निवडायचं असतं, दहावी-बारावीचे टक्के तिथेच लिहायचे असतात आणि प्रवर्गही तिथेच ठरतो. सहा महिन्यांनी मुलाखत घेणाऱ्या पॅनेलपुढे हीच माहिती ठेवलेली असते. या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: मुलाखतीची प्रश्नपत्रिका तुम्हीच लिहिता, फॉर्म भरताना.

टक्क्यांचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ची टक्केवारी छापलेली असते आणि तीच फॉर्मात उतरवली जाते. कॅटचा नियम वेगळा आहे: बोर्ड काहीही धरो, गुणपत्रिकेवरच्या सगळ्या विषयांच्या गुणांची बेरीज भागिले एकूण गुण. सहा विषय असतील तर सहाही. दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो आणि तो कागदपत्रांच्या तपासणीत उघडा पडतो. पदवीला सीजीपीए असेल तर विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं आहे का ते पाहा. नसेल तर विद्यापीठाकडून तसं पत्र घ्यावं लागतं, आणि विद्यापीठातलं पत्र एका फेरीत मिळत नसतं. ते काम डिसेंबरमध्येच सुरू करा.

प्रवर्गाच्या दाखल्याचंही तेच. राज्यातल्या प्रवेशासाठी काढलेला नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्रीय संस्थांना चालत नाही. त्यांना केंद्राच्या नमुन्यातला लागतो, शिवाय जात केंद्रीय यादीत असावी लागते आणि दाखला अलीकडच्या आर्थिक वर्षातला असावा लागतो. ईडब्ल्यूएसलाही (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आर्थिक वर्षाची अट आहे. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हा राज्याचा प्रवर्ग. आयआयएमच्या फॉर्मात तो रकाना शोधू नये. सेतू केंद्रात अर्ज देताना ‘सेंट्रलचा नमुना’ हे शब्द स्पष्ट सांगा आणि हातात आलेला कागद तिथेच उभं राहून वाचा.

नावांचा आणखी एक गोंधळ. राज्याच्या सीईटीनंतरच्या प्रवेशफेऱ्यांनाही ‘कॅप’ म्हणतात आणि काही नव्या आयआयएम मिळून जी सामाईक मुलाखत घेतात तिलाही ‘कॅप’च म्हणतात. पहिल्या कॅपमध्ये मुलाखत नसते, जागा सीईटीच्या गुणांवर मिळते. दुसऱ्या कॅपमध्ये मुलाखत हाच गाभा. घरच्यांना हे एकदा नीट समजावून सांगितलं की पुढचे बरेच फोन वाचतात.

डिसेंबर फॉर्मांचाच महिना. स्नॅप, म्हणजे सिम्बायोसिसच्या संस्थांची प्रवेश परीक्षा, ८, १५ आणि २१ डिसेंबरला होती. प्रत्येक प्रयत्नाचे २२५० रुपये आणि शिवाय प्रत्येक अभ्यासक्रमाचे १००० होते. एक्सएलआरआय घेते ती झॅट ५ जानेवारीला. प्रत्येक खासगी संस्थेचा फॉर्म वेगळा, त्यात छोटे निबंध वेगळे. नोकरीत असाल तर सात-आठ फॉर्म भरण्याआधी एकदा बेरीज करून पाहा, कारण प्रवासाचा खर्च अजून यायचा आहे. भरलेल्या प्रत्येक फॉर्मची आणि निबंधाची पीडीएफ एका फोल्डरमध्ये ठेवा. आठ फॉर्मांत ‘पाच वर्षांनी कुठे असाल’ याची तीन वेगवेगळी उत्तरं दिलेली असतात आणि मार्चमध्ये कोणाला काय सांगितलं तेच आठवत नाही.

निकालानंतर शॉर्टलिस्ट, म्हणजे पुढच्या फेरीला बोलावलेल्यांच्या याद्या, तुकड्या-तुकड्यांनी येतात. काही संस्था आठवड्याभरात जाहीर करतात, काही जानेवारीत. ९८ पर्सेंटाइलला (म्हणजे ९८ टक्के परीक्षार्थींच्या पुढे असूनही) एकीकडचा कॉल, म्हणजे मुलाखतीचं बोलावणं, येतो, दुसरीकडचा येत नाही, कारण दहावी-बारावीचे गुण, पदवीची शाखा, अनुभवाचे महिने, लिंग यांचं वजन प्रत्येक संस्थेने आपापल्या परीने ठरवलेलं असतं. हे निकष संस्थेच्या संकेतस्थळावर प्रवेश धोरणाच्या पीडीएफमध्ये असतात. मित्राला कॉल आला आणि आपल्याला नाही, या कुढण्यात जानेवारी घालवण्यापेक्षा ती पीडीएफ वाचावी. निदान कारण तरी कळतं.

त्याच पीडीएफमधून दुसऱ्या टप्प्यात नेमकं काय आहे तेही कळतं. जुन्या आयआयएमनी गटचर्चा कधीच सोडली, तिच्या जागी लेखी चाचणी आणली. अहमदाबादला तिला एडब्ल्यूटी म्हणतात, इतरत्र वॅट. सिम्बायोसिसच्या संस्थांत ग्रुप एक्सरसाइज, लेखन आणि मुलाखत. मुंबईच्या एसपीजैन व्यवस्थापन संस्थेत गट मुलाखत, म्हणजे एकाच पॅनेलपुढे एका वेळी अनेक उमेदवार. आपल्या हातातल्या कॉलमध्ये गटचर्चा नसेल तर तिच्या सरावात जानेवारी खर्च करू नका.

गटचर्चा असेल तर आधी तिचा हिशोब समजून घ्या. दहा जण, पंधरा मिनिटं. म्हणजे ९०० सेकंद, वाट्याला प्रत्येकी ९०. एवढ्यात पंचवीस-तीस सेकंदांच्या तीन एंट्री, म्हणजे मध्ये शिरून बोलण्याच्या तीन वेळा, बसतात. अडीच मिनिटांचं भाषण बसत नाही. करायला गेलात तर चाळिसाव्या सेकंदाला कोणीतरी तोडतं आणि तोडलेलं वाक्य वायाच जातं. म्हणून मुद्दा आधी, कारण नंतर, उदाहरण शेवटी. शाळेतल्या निबंधात आपण नेमकं उलटं शिकलेलो असतो.

एक विषय घेऊन पाहू: ‘महिलांना थेट रोख मदत: सबलीकरण की मतांची बेगमी?’ पहिली तीन मिनिटं बहुतेक गटांत मासळीबाजार असतो. एक बाजू म्हणते पैसा वाया, दुसरी म्हणते गरिबाला मदत नको का, आणि तेच फिरून फिरून. अशा वेळी कोणीतरी हिशोब मांडला तर चर्चा पुढे सरकते. लाडकी बहीण योजनेत दरमहा १५०० रुपये, म्हणजे वर्षाला १८,०००. लाभार्थी दोन कोटी धरले तर ३६,००० कोटी. आता प्रश्न नेमका होतो: एवढ्या रकमेत दुसरं काय झालं असतं, आणि ते त्या बाईपर्यंत १८,००० रुपयांइतकं पोचलं असतं का? यात पांडित्य काही नाही, एक गुणाकार आहे. ‘दोन कोटी धरले तर’ हे म्हणणं मात्र महत्त्वाचं. गृहीतक उघड सांगितलं की आकडा पाच-दहा टक्क्यांनी चुकला तरी मुद्दा उभा राहतो. छातीठोकपणे फेकलेला चुकीचा आकडा समोरच्याने पकडला तर पुढचं सगळं बोलणं संशयात जातं.

मध्ये शिरायचं कसं, हा मवाळ आवाजाच्या लोकांचा खरा प्रश्न. बोलणारा श्वास घेतो ती फट, तिथेच शिरायचं. वाक्य संपायची वाट पाहत बसलात तर तीन जण आधीच सुरू झालेले असतात. पहिले चार शब्द मोठ्याने, नंतर आवाज नेहमीचा. मागच्याच्या मुद्द्याला धरून सुरुवात केली तर तो निदान तोडत नाही. पण ‘मी सहमत आहे’ म्हणून त्याचंच पुन्हा सांगू नका. असं बोलणं एंट्री म्हणून मोजत नाहीत. बोलताना गटाकडे पाहायचं, पॅनेलकडे नाही. सुरुवात आपणच करावी हा हट्ट सोडा. शब्दाची व्याख्या सांगून केलेली सुरुवात आणि गप्प बसणं, यात मला फारसा फरक दिसत नाही. शेवटी सारांश मागितला तर जे झालं तेवढंच, मतभेदासकट सांगा. न झालेलं एकमत झाल्याचं सांगणं आणि उरलेला आपला मुद्दा सारांशात घुसवणं, दोन्ही लगेच कळतं.

सरावाला सहा-सात जण पुरतात. एक जण बाहेर बसून कागदावर नोंद करतो: कोण किती वेळा बोललं, किती सेकंद, नवं काय सांगितलं. मोबाइलवर ध्वनिमुद्रण ठेवा. चर्चा संपल्यावर प्रत्येकाने इतरांचे तीन मुद्दे आठवून लिहायचे. पहिल्या दोन वेळी बहुतेकांना एकच आठवतो, कारण बाकीचा वेळ आपलं वाक्य मनात जुळवण्यात गेलेला असतो. ऐकायची सवय लागायला पाच-सहा सराव जातात.

लेखी चाचणीबद्दल थोडक्यात. साधारण वीस मिनिटं, अडीचशे शब्द. चार मिनिटं आराखडा, तेरा लिखाण, तीन वाचन. बाजू पहिल्या परिच्छेदात घ्या, एकच उदाहरण नीट उलगडा, विरोधी बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा मान्य करून त्याला उत्तर द्या. कॉलेज सुटल्यापासून हातात पेन न धरलेल्यांचं मनगट दहाव्या मिनिटाला दुखतं, म्हणून सराव कीबोर्डवर नाही, कागदावर करा.

मुलाखतीच्या तयारीला मी एकच साधन मानते. फॉर्मची छापील प्रत घ्यायची आणि प्रत्येक ओळीखाली, ती ओळ वाचून एखाद्या अनोळखी माणसाला पडतील असे पाच प्रश्न लिहायचे. छंदाच्या रकान्यात ‘ट्रेकिंग’ लिहिणाऱ्या मराठी पोरापोरींची गणती नाही, तेव्हा तेच घेऊ. कळसूबाईची उंची किती? १६४६ मीटर. तालुका कोणता? अकोले. सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात? लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेला बसाल्ट, आणि थरांची झीज सारखी होत नाही म्हणून. पावसाळ्यात गडांवर होणारी गर्दी आवरायची तर शुल्क लावाल की संख्येवर मर्यादा घालाल? पहिले दोन प्रश्न माहितीचे, तिसरा कुतूहलाचा आणि चौथा थेट व्यवस्थापनाचा. चौथ्यापर्यंत पोचलात तर मुलाखत चांगली चालली आहे. पहिल्यालाच अडखळलात तर तो छंद नव्हता, रकाना भरला होता, हे पॅनेलला कळलं.

गाव-जिल्ह्याचं तसंच. पत्त्यात नाशिक असेल तर कांदा येणारच. निर्यातबंदी डिसेंबर २०२३ मध्ये लागली, मे २०२४ मध्ये उठली, उठताना ४० टक्के शुल्क आलं, सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. फेब्रुवारीतल्या मुलाखतीत उत्तर ‘२० टक्के’, एप्रिलमधल्या मुलाखतीत ‘आता नाही’. त्यामागचा प्रश्न ठरलेला: लासलगावचा शेतकरी आणि मुंबईचं गिऱ्हाईक, सरकारने कोणाचं ऐकावं? भावनेने शेतकऱ्याच्या बाजूने बोललात तरी हरकत नाही, पण भाव वाढल्यावर गिऱ्हाइकाचं काय, याचं उत्तर तयार असू द्या.

चालू घडामोडींच्या नोट्स शिळ्या होतात, हे त्या हंगामात चांगलंच दिसलं. जानेवारी २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो) ६.५० टक्के होता. ७ फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेने तो ६.२५ केला, मे २०२० नंतरची पहिली कपात. ९ एप्रिलला ६.०० झाला. मधल्या काळात १ फेब्रुवारीचा अर्थसंकल्प: वित्तीय तुटीचं लक्ष्य ४.४ टक्के, आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही. इथे एक सापळा होता. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही, मग ८ ते १२ लाखांना १० टक्क्यांचा टप्पा का छापलाय?’ उत्तर सवलतीत आहे. पहिले ४ लाख शून्य, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००. कर ६०,००० होतो आणि कलम ८७अ खाली तेवढीच सवलत मिळते. फक्त मथळा वाचलेल्याला हे सांगता येत नाही. वीस विषयांची प्रत्येकी एक पानाची टिपणं पुरतात, पण प्रत्येक मुलाखतीच्या आदल्या रात्री आकडे ताजे करा.

पदवीचा विषय ही नोकरी करणाऱ्यांची दुखरी नस. ‘आता आठवत नाही’ हे चार वर्षांच्या अनुभवानंतर खपतं, एका वर्षानंतर नाही. सगळा अभ्यासक्रम उकरू नका. दोन विषय निवडा आणि त्यांची मुळं पक्की करा. ‘आवडता विषय कोणता’ असं विचारतात तेव्हा दार आपल्याच हातात असतं. वाणिज्य शाखेच्यांना लागू पडणारा एक जुना प्रश्न: घसारा १०० रुपयांनी वाढला, कर ३० टक्के, तिन्ही विवरणांवर काय परिणाम? नफा-तोट्यात करपूर्व नफा १०० ने घटतो, कर ३० ने वाचतो, निव्वळ नफा ७० ने कमी. रोख प्रवाहात ७० वजा, पण घसारा रोख खर्च नाही म्हणून १०० परत मिळवायचे, म्हणजे रोख ३० ने वाढते. ताळेबंदात मालमत्ता १०० ने कमी, रोख ३० ने जास्त, एकूण ७० कमी. दुसऱ्या बाजूला राखीव नफा ७० ने कमी. ताळा जुळला. हे वाचताना सोपं वाटतं. तीन माणसं रोखून बघत असताना मोठ्याने सांगून पाहा.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते आणि ती बरीचशी चुकीच्या जागी असते. उच्चारांवरून सहसा अडत नाही. अडतं ते मराठीत विचार करून वाक्याचं भाषांतर करताना वेग तुटतो तिथे, आणि तो तुटू नये म्हणून भरधाव बोलण्यात. उपाय कंटाळवाणा आहे: रोज दहा मिनिटं, एक प्रश्न, मोठ्याने उत्तर, ध्वनिमुद्रण, ऐकणं. वाक्यं छोटी करा. उत्तरं पाठ करू नका, मुद्दे करा. पाठ केलेलं उत्तर मध्येच तोडलं की पहिल्यापासून सुरू करावं लागतं, आणि पॅनेल तोडतंच. ‘स्वतःबद्दल सांगा’ याला साठ ते नव्वद सेकंद, साधारण दीडशे शब्द पुरे. फॉर्मात आहे तेच वाचून दाखवू नका. त्यातल्या दोन गोष्टी निवडा, ज्यांवर पुढचा प्रश्न आला तर बरं होईल.

कमी गुण, गॅप, सोडलेली नोकरी: कारण एका वाक्यात, त्यानंतर काय केलं ते तीन वाक्यांत. प्रमाण उलटं झालं की ते रडगाणं वाटतं. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा, आणि अंदाज बांधता येत असेल तर विचारून बांधा. ‘माहीत नाही’ दोन-तीनदा म्हटल्याने काही बिघडत नाही, फक्त ते आपल्याच फॉर्मातल्या शब्दाबद्दल नको.

पत्र आणि मुलाखत यांत कधी कधी दोनच आठवडे असतात. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांचं झालं, तरी हव्या त्या गाडीला वेटिंगच दिसतं. मग तत्काळ: आदल्या दिवशी वातानुकूलितसाठी सकाळी १०, बाकीसाठी ११. मुलाखतीच्याच पहाटे पोचणारी गाडी घेऊ नका. चार तास उशीर ही काही बातमी नसते. दोन मुलाखती एकाच दिवशी आल्या तर लगेच मेल करा. बरेच जण तारीख बदलून देतात, पण आधी मागितली तर.

त्या दिवशी आधी कागदपत्रांची रांग. मूळ प्रती आणि स्वसाक्षांकित छायाप्रती पत्रात दिलेल्या क्रमानेच लावा. अनुभवासाठी नेमणूकपत्र, अनुभवपत्र, पहिली आणि शेवटची पगारपावती. शेवटच्या वर्षात असाल तर प्राचार्यांच्या सहीचं पत्र संस्थेच्याच नमुन्यात. त्यानंतर वाट पाहणं, कधी अर्धा तास, कधी चार तास. बाहेर आलेल्याभोवती घोळका जमतो: ‘काय विचारलं रे?’ त्या घोळक्यात जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचे प्रश्न त्याच्या फॉर्मातून आलेले असतात. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. खोलीत दोन-तीन जण, पंधरा ते पंचवीस मिनिटं. कोणी चिडून बोललं तर तो ताणाचा प्रयोग आहे की माणूस खरंच कंटाळलाय, हे शोधत बसू नये. प्रश्न तेवढा ऐकावा. ऑनलाइन असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला, आणि मोबाइलचं हॉटस्पॉट आधीच जोडून तपासलेलं. बाहेर पडल्यावर तासाभरात सगळे प्रश्न लिहून काढा. तिसऱ्या मुलाखतीपर्यंत त्यातले निम्मे परत आलेले दिसतात.

निकाल एप्रिल-मेमध्ये. ‘वेटलिस्ट ३१२’ असा आकडा पाहून खचायला होतं, पण मोठ्या वेटलिस्ट खूप हलतात, कारण वरचे उमेदवार पाच-पाच जागा धरून बसलेले असतात. आधी मिळालेल्या जागेची स्वीकृती रक्कम भरायची की थांबायचं, हा महिन्यातला सगळ्यात छळणारा प्रश्न. भरण्याआधी किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते, ते पत्रातून शोधून काढा. मेलबॉक्सचा स्पॅम रोज पाहा. वेटलिस्टमधून वर आल्यावर उत्तर द्यायला कधी तीनच दिवस मिळतात.

नोकरीत असाल तर राजीनाम्याची तारीख मागून मोजा. वर्ग जूनच्या शेवटी सुरू होणार आणि नोटीस ९० दिवसांची, तर राजीनामा मार्चच्या शेवटी द्यावा लागतो, म्हणजे निकालाच्या आधी. म्हणून जानेवारीतच नेमणूकपत्र काढून नोटीसच्या बदल्यात पगार भरून सुटता येतं का ते वाचा, आणि येत असेल तर ती रक्कम प्रवेशाच्या खर्चात धरा. कार्यमुक्तीचं पत्र पहिल्या दिवशीच मागतात. ते वेळेत मिळणार नसेल तर राजीनामा मंजूर झाल्याच्या मेलची प्रत चालेल का, हे प्रवेश कार्यालयाला लेखी विचारून ठेवा.